पिंप ओले होते

विसाव्या शतकातील गाजलेल्या मराठी कविता आणि कादंबऱ्या नीट कळाव्यात म्हणून आधी समीक्षा वाचावी का, असे आपण विचारले आहे. वाचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बी.ए.ला आम्हाला बा. सी. मर्ढेकरांची ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ ही कविता होती. प्राध्यापकांनी ती एकदाही मोठ्याने न वाचता अर्थ उतरवून दिला: पिंप म्हणजे महानगर, उंदीर म्हणजे यंत्रयुगातला माणूस. मी उभा राहून विचारले की ‘ओल्या’ हे विशेषण कोणाचे? उंदरांचे असते तर ‘ओले’ झाले असते. म्हणजे ओले आहे ते पिंप, आणि कवीने तो शब्द पिंपापासून तोडून उंदरांशेजारी नेऊन ठेवला आहे. आमच्या किराणा दुकानामागे पागोळ्यांचे पाणी धरायला पत्र्याचे पिंप असे. त्यात पडलेला उंदीर मी लहानपणी पाहिला होता. ओल्या पत्र्यावर नखे ठरत नाहीत, तो चढतो आणि घसरतो, आणि सकाळी त्याच्या अंगावर एकही जखम नसते. ‘मुरगळल्याविण’ माना पडतात त्या अशा. यावर ‘कविता दुकानात शिकायची नसते’ असे उत्तर मिळाले आणि वर्ग हसला. त्याला तीस वर्षे झाली, पण माझे म्हणणे आजही तेच आहे.

माना पडल्याची ती ओळ लगेच परत येते आणि फक्त शेवटचा शब्द बदलतो: ‘आसक्तीविण’. पहिल्या ओळीत कोणाचा हात लागलेला नाही, दुसरीत ओठांवर ओठ असूनही ओढ नाही. सोळा मात्रांची ही चाल इतकी काटेकोर आहे की तिच्यासाठी उंदराचा ‘दी’ ऱ्हस्व झाला आहे. पुढे ‘बेकलाइटी’ हा शब्द येतो. बेकलाइट म्हणजे त्या काळी रेडिओ आणि टेलिफोनच्या पेट्यांना वापरत ते कडक, कृत्रिम द्रव्य, आणि मर्ढेकर स्वतः आकाशवाणीत नोकरीला होते. ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले, एवढे मात्र आमच्याकडून पाठ करून घेतले गेले.

कादंबरीलाही हेच लागू आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) हाती घ्याल तेव्हा अस्तित्ववादाची व्याख्या बाजूला ठेवा आणि तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या तोंडचे ‘उदाहरणार्थ’ व ‘वगैरे’ कुठे येतात ते ऐका.

प्राध्यापकांचा अर्थ खोटा होता असे मी म्हणत नाही, आणि दुसऱ्या वाचनानंतर समीक्षेने मलाही पुष्कळ दिले आहे. पण पहिल्या ओळीत ‘मेले’ असलेले उंदीर शेवटच्या ओळीत ‘न्हाले’ कसे होतात, हा प्रश्न त्या वर्गात कोणीच विचारला नाही, कारण अर्थ आधीच वहीत उतरला होता.