वायू घटला म्हणून निर्धास्त होऊ नकोस

ज्वालामुखी फुटेल का याचा अंदाज घेताना नुसते भूकंप मोजत बसू नकोस. सुरुवातीला सगळे तेच करतात. धक्के किती खोलवर होतायत ते बघ. वर सरकत असतील तर कान टवकार. जीपीएस आणि टिल्टमीटर (जमिनीचा बारीकसा कल मोजणारं यंत्र) यांवरून डोंगर फुगतोय का तेही कळतं.

पण बाहेर पडणाऱ्या वायूकडे दुर्लक्ष करू नकोस. फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीवर मे १९९१ मध्ये सल्फर डायऑक्साइड वायू दिवसाला ५०० टनांवरून दोन आठवड्यांत ५,००० च्या वर गेला, आणि मग एकदम घटला. नवख्याला वाटेल, निवळलं! तज्ज्ञांना उलटीच धास्ती: वायूची वाट बुजली असेल, तर आत दाब चढतोय. १५ जूनला महास्फोट झाला. त्याआधीच हजारो लोक हलवले होते.

आणि ‘अमुक तारखेला फुटणार’ असले फॉरवर्ड आले की सरळ डिलीट कर.