स्पिटफायरला जिप्सीचं इंजिन बसवू का?

प्रश्न : काकांनी मुंबईहून आणलेली १९६६ ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क २ आमच्या वाड्यात बरीच वर्षं उभी आहे. इंजिन जाम आहे. काका आता नाहीत, पण गाडी मला चालती करायची आहे. जळगावचे मिस्त्री म्हणतात, हे इंजिन भंगारात घाला, जिप्सीचं १.३ बसवून देतो. वडील म्हणतात, ‘भाऊ, नाद सोडी दे.’ कोणतं इंजिन घेऊ आणि पार्ट कुठून आणू?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : नाद सोडू नका आणि काकांचं इंजिनही सोडू नका.

मिस्त्री जिप्सीचं नाव का घेतात ते कळतं. तिचं इंजिन उभं, लांबीत बसतं आणि ट्रान्स्फर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळा असतो. त्यामुळे मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीत ते बसवणं त्यातल्या त्यात सोपं. सोळा व्हॉल्व्हच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनच्या) जिप्सीची ताकद ८० बीएचपी, तुमच्या ११४७ सीसीची नवेपणी ६७. पण ही वाढीव ताकद झेलायची कुणी? मार्क २ च्या मागच्या चाकांना स्विंग अ‍ॅक्सल (म्हणजे आतल्या टोकावर झुलणारे दांडे) आहेत आणि वर एकच आडवा पाटा, म्हणजे स्प्रिंग. वळणात जोरात शिरून मध्येच रेसवरचा पाय उचलला, की मागचं अंग वर येतं आणि बाहेरचं चाक पोटाखाली दुमडायला बघतं. कंपनीने १९७० च्या मार्क ४ मध्ये पाट्याची रचना बदलून ही खोड बरीच घालवली. तुमच्या गाडीत ती आहे. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायचा विचार असेल तर आहे ती ताकद पुरेशी आहे.

कागदाचं तर त्याहून अवघड. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. उलट २०२१ च्या नियमांनी तुमच्यासाठी एक चांगलं दार उघडलंय. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी, की चासी, बॉडी, इंजिन मूळचंच हवं, त्यात मोठा फेरफार नको. जिप्सीचं इंजिन बसलं की हे दार बंद. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज बाजाराला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढता येते, हेही आधी समजून घ्या. इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळतो का ते आजच पाहा.

आता जाम इंजिनाचं. चारही प्लग काढा, भोकांतून डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) सोडा, आठवडाभर मुरू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने मागे-पुढे हलवा. गाडी गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढू नका, रिंगा तुटतील. फिरायला लागलं की एक तपासणी सगळ्यात आधी करा. पुढच्या पुलीला डायल गेज (बारीक सरक मोजणारं घड्याळ) लावा आणि कुणाला तरी क्लच दाबायला सांगा. पुली पुढे-मागे ०.००४ ते ०.००८ इंच सरकली तर ठीक. डोळ्यांना दिसेल इतकी सरकली तर मागच्या मेन बेअरिंगपाशी असलेले अर्धगोल थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) झिजलेत. हे वॉशर गळून ऑइल संपमध्ये (इंजिनाच्या तळच्या तेलाच्या भांड्यात) पडले तर क्रँक थेट ब्लॉकलाच घासतो, आणि मग चांगला ब्लॉक खरोखर भंगारात जातो. वॉशर मिळतात, ओव्हरसाइजही मिळतात, आणि ब्लॉकच्या मानाने अगदी स्वस्त.

सिलिंडरच्या बोअरिंगसाठी पुण्या-मुंबईला पळायची गरज नाही. ट्रॅक्टरची इंजिनं रोज बोअर करणारे आपल्याकडचे कारागीर हे काम उत्तम करतात, मापं मात्र इंचात लिहून द्या. २० थाउ की ३० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हे ठरवा, आधी पिस्टन मागवा आणि पिस्टन हातात आल्यावरच त्यावरून बोअर करून घ्या. हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, आणि जुन्या बिडाच्या हेडमधल्या सीट त्याशिवाय खाल्ल्या जातात.

वाचलेले पैसे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यावर आणि पुढच्या चाकांवर घाला. आपल्या उन्हात रेडिएटर रिकोर करायलाच (आतली जाळी बदलायलाच) हवा. ब्लॉकच्या बाजूच्या वाट्या (पाण्याच्या वाटेवरची पत्र्याची बुचं) काढून चौथ्या सिलिंडरमागचा गाळ खरवडून काढा. बोअरवेलच्या पाण्याचा क्षार तिथेच साठतो, म्हणून यापुढे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच. थर्मोस्टॅट काढून फेकू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

पुढच्या चाकांचे ट्रनियन (चाक ज्यावर वळतं ते खालचे सांधे) पितळी, आत आटे असलेले. त्यात ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल भरायचं. ग्रीस आट्यांत पोचत नाही, आतला लोखंडी व्हर्टिकल लिंक (चाक धरणारा उभा दांडा) गंजतो आणि एक दिवस वळताना तुटून चाक आडवं पडतं. हे दोन्ही ट्रनियन आणि दोन्ही लिंक नवेच घ्या. इथे काटकसर नको.

पार्टांची फार चिंता नको. स्पिटफायर आपल्या स्टँडर्ड हेराल्डच्याच घरातली. हेराल्ड १९६१ पासून मद्रासला बनायची, त्यामुळे चेन्नईकडे आणि मुंबईत कुर्ल्याला जुने भाग अजून सापडतात. नमुना हातात घेऊन जुळवा, कारण हेराल्डला पुढे ड्रम ब्रेक होते आणि तुमच्या गाडीला डिस्क. बाकी बेअरिंग, गॅस्केट, जोडी एसयू कार्ब्युरेटरचे किट ब्रिटनमधून नवे येतात. ब्लॉक फुटलेलाच निघाला तर हेराल्डचं ९४८ त्याच घराण्यातलं इंजिन आहे, पण ते बसवण्याआधी आरटीओची लेखी परवानगी घ्या.

प्रश्न : मे महिन्यात लळिंग घाट चढताना माझी पद्मिनी बंद पडते. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकलं की चालू होते. पंप बदलू का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : पंप बहुधा चांगला आहे. पेट्रोलची वाफ होऊन नळीत अडकते. नळी एक्झॉस्टपासून दूर घ्या, तिच्यावर उष्णतारोधक वेष्टण चढवा. आणि नळी, पंपाचा पडदा दोन्ही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे टाका. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगून मऊ पडतं.