रात्री दोनचं काम सकाळी साडेसातला

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यातल्या आडत्यांसाठी आम्ही हिशेबाचं वेब अॅप चालवतो. पट्ट्यांची पीडीएफ, बॅकअप, जुन्या सेशनची साफसफाई ही कामं क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा प्रोग्रॅम) रात्री दोनला लावलीत. तरी रोज सकाळी साडेसातला, ऐन आवक नोंदवताना, अॅप अडतं. दर पाच मिनिटांनी चालणारं एसएमएसचं काम सोयाबीनच्या हंगामात एकाच शेतकऱ्याला दोनदा मेसेज धाडतं. एका पेढीचा सर्व्हर तर दुकानातच आहे. रात्री मेन स्विच बंद होतो. काय करावं? (एक वाचक, लातूर)

उत्तर : साडेसात ही वेळ लिहिलीत ते बरं केलंत. तुमचा भाड्याचा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतोय. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून त्याचे रात्रीचे दोन म्हणजे मोंढ्यातले सकाळचे साडेसात. ‘डेट’ कमांड देऊन बघा. टाइमझोन एशिया/कोलकाता करा आणि क्रॉन रीस्टार्ट करा, नाहीतर तो जुन्याच वेळेला धरून बसतो. डेटाबेसमधल्या वेळा झोनशिवाय साठवल्या असतील तर आधी ते तपासा.

यूटीसी तसंच ठेवून २०:३० लावता येईल, पण त्यात खोच आहे. तेव्हा सर्व्हरची तारीख आदलीच असते. आपल्या १५ तारखेच्या रात्री दोनला ‘कालच्या पट्ट्या’ मागितल्या तर तो १३ च्या काढून देईल, आणि १४ चा माल कुठं गेला म्हणून आडत्या तुम्हालाच फोन करील.

एसएमएसचं कारण वेगळं दिसतं. आवक वाढली की पाच मिनिटांत यादी संपत नाही; पहिली फेरी चालू असतानाच दुसरी सुटते आणि तीच नावं उचलते. आधीचं काम संपलं का, याच्याशी क्रॉनला देणंघेणं नसतं. कमांडच्या आधी ‘एफलॉक -एन’ (चालू कामाला कुलूप घालणारी कमांड) लावा, म्हणजे कुलूप दिसताच दुसरी फेरी मुकाट परत जाईल. नुसत्या कुलपावर मात्र विसंबू नका. मेसेज सोडण्याआधी पट्टीवर ‘पाठवतोय’ अशी खूण करा, पोच आल्यावर ‘गेला’. मध्येच प्रोसेस मेली तर ‘पाठवतोय’वर अडकलेल्या पट्ट्या माणसानंच बघाव्यात. रक्कम दोनदा कळली की दुसऱ्यांदा पैसे मागायला कुणीतरी येतंच!

दुकानातल्या मशीनवर क्रॉन नको, चुकलेली वेळ तो भरून काढत नाही. त्याऐवजी लिनक्सच्या सिस्टिमडी टायमरमध्ये वेळ सांगणाऱ्या ‘ऑनकॅलेंडर’सोबत ‘पर्सिस्टंट=ट्रू’ लिहा; सकाळी मशीन चालू होताच राहिलेलं काम होईल. बॅकअपला ‘नाइस’ लावा, म्हणजे तो इतर कामांना आधी वाट देईल; काट्यावरची नोंद अडायला नको. आणि मेन पाडण्याआधी मशीन रीतसर शटडाउन करायला मुनीमजींना सांगा.