सगळ्याच मूल्यांना दहापैकी दहा पडत असतील तर

तुमची पोस्ट वाचली. पुण्यात आयटीतली नोकरी, घरी सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना, भाऊ म्हणतोय 'आता ये परत', आणि तुम्ही कागद घेऊन आपली मूल्यं ठरवायला बसलात तर कुटुंब, स्वातंत्र्य, प्रामाणिकपणा, स्थैर्य सगळ्यांनाच ९ नाहीतर १०. 'आता क्रम कसा लावू?' असं विचारलंय. याच जागी मीही अडकले होते, म्हणून लिहितेय. लांबेल जरा.

मूल्य म्हणजे काय, ध्येय वेगळं कसं, हे तुम्हाला माहीत असणार, ते सोडते. मी मानसशास्त्राची नाही, कापडाच्या धंद्यात हिशेब बघते. पटेल तेवढं घ्या.

सगळ्यांना १० पडले यात तुमचं काही चुकलेलं नाही, गुण द्यायची रीतच तशी आहे. शालोम श्वार्ट्झ या अभ्यासकाची १९९२ सालची प्रश्नावली आहे, तिची पट्टी उणे १ ते ७. सात म्हणजे आयुष्यात सर्वात वरचं, आणि ते साधारणपणे दोनांहून जास्त मूल्यांना द्यायचे नाहीत. उणे १ म्हणजे माझ्या मूल्यांच्या उलट. आधी यादी वाचून वरचं टोक ठरवायचं, मग खालचं, बाकीची त्यांच्या मधे. शिवाय काहींचा हात मुळातच सढळ असतो, म्हणून प्रत्येकाच्या गुणांतून त्याचीच सरासरी वजा करून बघतात. तुमची सरासरी साडेनऊ असेल तर ९ म्हणजे खालच्या रांगेतलं. यादीतल्या सगळ्याच मूल्यांना क्रमांक लावत बसू नका. वरचे तीन आणि खालचे दोन कळले की बास, मधल्यांची जागा आज एक, उद्या दुसरी.

आता माझं. सोलापुरातल्याच एका समुपदेशन केंद्रात गेले होते, नाव घेत नाही. तेव्हा पुण्याची नोकरी समोर होती, आणि घरात अप्पांचे यंत्रमाग कोण बघणार हा प्रश्न. केंद्राने शब्दांचा छापील कागद हातात दिला, गुण टाकून घेतले आणि आठवड्याने रंगीत, लॅमिनेट केलेला रिपोर्ट. पहिला क्रमांक 'यश', आणि 'कुटुंब' बाराव्या क्रमांकावर.

तेवढ्यावर भागलं असतं. पण फीमध्ये 'पालक बैठक' धरलेली होती. मला न विचारता त्यांनी अप्पांना आणि थोरल्या काकांना बोलावलं आणि तो क्रम मोठ्याने वाचून दाखवला. काकांनी पुढे कित्येक लग्नांत पंगतीत विचारलं, 'बाराव्या नंबरवाले जेवले का?' त्याचं एवढं नाही. अप्पा एक शब्द बोलले नाहीत, पण तोवर दर महिन्याला माझ्यासमोर येणारी मागाच्या हिशेबाची वही त्यानंतर कधी आली नाही. माग विकले हे मला शेजाऱ्यांकडून कळलं.

मी केंद्रात परत जाऊन विचारलं, की त्या आठवड्यात घरी स्थळांवरून रोज वाद चालले होते, त्याचा राग त्या एका गुणात उतरलाय, हे कुणी विचारणार होतं की नाही? तर म्हणे, 'सिस्टिमने काढलंय मॅडम, हाताने बदलता येत नाही. हवं तर पुन्हा फी भरून नवीन चाचणी द्या.' पावतीही मागून मागून मिळाली. असो.

राग त्यांच्या एसीच्या केबिनचा नाही, त्या 'कुटुंब' नावाच्या एका रकान्याचा आहे. त्यात चार गोष्टी कोंबलेल्या होत्या: आईबापाची काळजी घेणं, मोठ्यांचा शब्द न मोडणं, घराण्याची रीत चालवणं, आणि पाठीशी घर असल्याची निश्चिंती. श्वार्ट्झच्या दहा मूल्यांच्या मांडणीत या चार वेगवेगळ्या कप्प्यांत जातात. माझं भांडण दुसरीशी होतं. अप्पांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा खर्च मी उचलत होते, म्हणजे पहिली वरच होती. क्रमांक मात्र चौघींना मिळून एकच.

म्हणून तुम्हीही 'कुटुंब' फोडून लिहा. भावाला हात देणं आणि वडिलांचा धंदा पुढे चालवणं हे तुमच्यात एकच आहे का? मला तुमच्या पोस्टवरून तसं वाटत नाही, पण चार ओळींवरून मी कोण सांगणार.

त्याच मांडणीत दहा मूल्यं वर्तुळात बसवली आहेत. शेजारची एकमेकांना धरून चालतात, समोरासमोरची ओढाताण करतात. स्वतःच्या मताने चालणं एका बाजूला, तर परंपरा, सुरक्षितता, इतरांच्या अपेक्षेप्रमाणे वागणं समोर. यश आणि सत्ता एकीकडे, जवळच्यांचं आणि सगळ्यांचंच भलं दुसरीकडे. तुमचे 'स्वातंत्र्य' आणि 'स्थैर्य' समोरासमोर आहेत. क्रम लावायची खरी मेहनत तिथेच करा. प्रामाणिकपणा या भांडणात नाहीच, त्याला निवांत बसू दे.

आणि हे नुसत्या शब्दांवरून नको. गेल्या दोनतीन वर्षांत दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या असे प्रसंग आठवा. सोलापूरला गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेला यायचं की ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं रिलीज सांभाळायचं, भावाला पैसे पाठवायचे की स्वतःचा कोर्स करायचा. काय निवडलं त्याशेजारी, काय सोडल्याचं जास्त लागलं तेही लिहा. मला दुसऱ्या रकान्यातून जास्त कळलं. फक्त, हप्ता डोक्यावर असताना पगार निवडला म्हणजे पैसा पहिला असं नसतं. नाइलाजाच्या प्रसंगांवर फुली मारा. भांडण झालेल्या रात्री तर हे करूच नका. कागदावर तारीख टाका, वर्षाने परत बघा. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर मात्र याद्या बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

कागद घरी दाखवू नका असं माझं स्पष्ट मत आहे, बाकीचे काही म्हणोत. दाखवायचाच झाला तर आधी भावाला त्याचा लिहायला सांगा, मग दोघांनी एकदम उघडा. आणि राजीनाम्याआधी कारखान्याचं वीजबिल, सुताची उधारी आणि मागच्या दोन वर्षांच्या ऑर्डरी मागून बघा. मूल्यांचा आणि याचा संबंध नाही, पण 'ये आता' म्हणणारा भाऊ हे आपणहून दाखवत नसतो. हवं असेल तर ताळेबंदात काय बघायचं ते मी वेगळं लिहीन.