खेड्यातल्या मिशन शाळेत दिवस कसा जायचा? इमारती खरंच मुलांकडून बांधून घेत का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकात एक गुंतलेलं आहे, कारण आमच्याकडे बांधकाम कधी संपलंच नाही. मी नगर जिल्ह्यात (आताचं अहिल्यानगर) नेवाशाकडच्या एका मिशन बोर्डिंगात वाढलो. १९७२ चा दुष्काळ तिथेच काढला.

पहाटे घंटा व्हायची. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रेल्वे रुळाचा तुकडा. मग प्रार्थना, पेटीवर एखादं भजन, आणि लगेच टोळ्या पांगायच्या: एक विहिरीवर पाणी शेंदायला, एक झाडलोटीला, एक भटारखान्यात. सकाळी बहुतेक हुलग्याचं माडगं. दुपारी भाकरी आणि पातळ कालवण, इतकं पातळ की मिरची कुठे पडली ते तळाशी दिसायचं. शाळा सुटली की तासभर ‘काम’, मग खेळ, मग कंदिलाभोवती अभ्यास.

त्या ‘कामा’बद्दलच तुम्ही विचारताय. दगड घडवायचे वडार, भिंत उचलायचा गवंडी, छपराच्या लाकडी कैच्या बसवायचा सुतार. ते काम पोरांना कोण देणार! आमच्याकडे असायचं ते त्याच्या आजूबाजूचं: रांगेत उभं राहून घमेली पुढे देणं, चुना चाळणं, मुरूम (झिजलेल्या खडकाची भरड माती) पसरून धुमसानं ठोकणं, आणि ताज्या बांधकामावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारणं. विहिरीत सुरुंग लावायचे असले की मात्र आम्हाला वर्गात कोंडत.

पायाचं मला विशेष सांगायचं आहे. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशी भेगाळते. तिच्यावर भिंत उभी केली की दोन-चार वर्षांत कोपरा फाटतो. म्हणून जुने मिशनरी लोक मुरूम लागेपर्यंत खणायला लावत, कधी कधी पुरुषभर. वर दोन फुटी काळ्या दगडाची भिंत, आत मातीचा गारा, बाहेरून चुन्याच्या दरजा, आणि मंगलोरी कौलं. ते वर्ग एप्रिलातही बसण्याजोगे असायचे. नंतर घाईत बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांत दुपारी मास्तरच बाहेर झाडाखाली यायचे.

बहात्तर साली सगळं बदललं. विहिरी आटल्या, घरची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, आणि सुट्टीतही बरीच पोरं बोर्डिंगातच राहिली, कारण इथे निदान जेवण होतं. अमेरिकेहून आलेला गव्हाचा दलिया, पावडरचं दूध आणि तेल. तेलाच्या त्या डब्यांवर हातात हात दिलेलं चित्र असायचं. डबा रिकामा झाला की त्याची बादली, घमेलं, कुंडी, आणि पत्रा उलगडला की संडासाचं दारसुद्धा! त्याच धान्याच्या बदल्यात गावकऱ्यांनी विहिरी खोल केल्या, शेतांना ताली (बांध) घातल्या. आमचं नवं वसतिगृहही तेव्हाचंच.

पैसा मात्र विचित्र यायचा. परदेशातल्या देणगीदाराला इमारत आवडते. तिचा फोटो पाठवता येतो, दारावर नावाची पाटी लावता येते. कौलं फिरवायला किंवा मास्तरांच्या पगाराला पैसे मागितले तर पत्राला उत्तर यायला वेळ लागायचा. त्यामुळे आमच्या आवारात एकीकडे नवा पाया खणला जात असे आणि दुसरीकडे गळक्या वर्गात आम्ही पाट्या डोक्यावर धरून बसत असू.

मग हे बालमजुरी होतं का? आजच्या कायद्यानं बघाल तर बराचसा भाग तसाच वाटेल. मला स्वतःला घमेल्यांचा राग नाही. मुरूम कशाला म्हणतात आणि ओळंबा कसा धरतात हे त्यातूनच कळलं आणि पुढे ओव्हरसियरची नोकरी करताना उपयोगी पडलं. खटकतं ते वेगळंच. मुलांचं काम तासाभरात संपायचं. मुलींना दळण, निवडणं आणि भाकऱ्या यांतून सुटकाच नव्हती, आणि हातात कसब मात्र त्यांच्या येत नव्हतं. याच्या कितीतरी आधी, १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी दौंडजवळच्या केडगावला आणलं. तिथे मुली छापखान्यात खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवायच्या, माग चालवायच्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं भाषांतरही तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं. आमच्या मिशनला पाऊणशे वर्षांनंतरही हे सुचलं नाही, याचं नवल वाटतं.

आता तिथे काय आहे म्हणाल, तर शाळा चालू आहे, बोर्डिंग जवळजवळ बंद. गावोगाव हायस्कुलं झाली, एसटी आली, धान्याची मदत थांबली. कधी अशा शाळेत गेलात तर फरशीपासून हातभर वर भिंतीचे कोपरे बघा. तडा नसेल तर खणणाऱ्यांनी मुरूम गाठला होता असं बेलाशक समजा.