बेरोजगारीवर मात करण्यासाठी स्वतःची जिद्द पुरेशी असते का?

मनात जिद्द असेल तर माणूस बेरोजगार राहूच शकत नाही, हे म्हणणे कितपत खरे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते जिद्दीने एखाद्याची बेरोजगारी संपू शकते, पण समाजातील बेरोजगारी संपत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की नोकरी गमावलेल्या माणसाला सल्ल्याच्या नावाखाली दूषणे ऐकावी लागतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येनुसार ज्याच्याकडे काम नाही, जो काम करण्यास तयार आहे आणि ते प्रत्यक्ष शोधतही आहे, तोच सामान्यतः बेरोजगार म्हणून मोजला जातो. हताश होऊन शोध सोडलेला माणूस या गणतीत येतच नाही. म्हणजे बेरोजगारीचा जो दर आपण वाचतो, तो मुख्यतः धडपडणाऱ्यांचाच असतो. अमेरिकेत फेब्रुवारी २०२० मध्ये साडेतीन टक्क्यांच्या आसपास असलेला हा दर एप्रिलमध्ये १४ टक्क्यांच्या पुढे गेला. अवघ्या दोन महिन्यांत इतकी माणसे आळशी झाली, असे कोणी गंभीरपणे म्हणेल असे मला वाटत नाही.

जागा थोड्या आणि उमेदवार अधिक असतील, तर एकाची जिद्द बहुधा त्याला रांगेत पुढे नेते आणि दुसऱ्याला मागे ढकलते. फ्रान्समध्ये बेरोजगार सुशिक्षित तरुणांना नोकरी शोधण्यासाठी खास साहाय्य देण्याचा मोठा प्रयोग झाला. साहाय्य मिळालेल्यांना काही काळ लाभ झाला खरा, परंतु तो अंशतः साहाय्य न मिळालेल्यांच्या वाट्यातूनच आल्याचे अभ्यासकांना आढळले, आणि जिथे नोकऱ्यांची टंचाई अधिक, तिथे हे विशेष जाणवले.

शिवाय जिद्द हा काही न आटणारा साठा नव्हे. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावातील कापड गिरणी बंद पडल्यावर, १९३० च्या दशकाच्या आरंभी, सामाजिक मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील कुटुंबांचा बारकाईने अभ्यास केला. लोकांच्या हाती रिकामा वेळ भरपूर होता, ग्रंथालयाचे शुल्कही माफ झाले होते, तरी पुस्तके नेणाऱ्यांची संख्या घटली आणि रस्त्यावरची पुरुषांची चालसुद्धा मंदावली. निरुत्साह अनेकदा बेरोजगारीचा परिणाम असतो. आपण मात्र त्यालाच कारण समजून बसतो. (प्रेरणादायी व्याख्याने देणाऱ्यांनी हा अभ्यास एकदा तरी वाचावा, असे मला नेहमी वाटते.)

मग प्रयत्न सोडावेत का? मुळीच नाही. प्रयत्नांशिवाय उपलब्ध जागाही हातून जाते. मात्र ते कुठे करायचे, हे बेरोजगारीच्या प्रकारावर ठरवावे. आपल्या कौशल्याला मागणी असूनही काम मिळत नसेल, तर अर्ज वाढवण्याआधी ओळखी वाढवाव्यात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की नोकरीची उपयुक्त माहिती पुष्कळदा जिवलग मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून मिळते. व्यवसायच लयाला जात असेल, तर नवे कौशल्य शिकणे अटळ आहे, आणि त्या शिक्षणाच्या काळात घर चालवण्यासाठी बेरोजगार भत्ता किंवा कुटुंबाचा आधार लागतो. सर्वत्रच मंदी असेल, तर मागणी वाढवण्याचे काम सरकारचे आहे, आणि तसे सरकारकडे स्पष्टपणे मागणे हाही आपल्या प्रयत्नांचाच भाग आहे.