हिमस्खलनाचे शिक्षण: आधी प्रमाणपत्र की आधी हंगाम?

साताऱ्याहून एका पालकांनी लिहिले आहे: “माझी मुलगी २३ वर्षांची असून भूगोलाची पदवीधर आहे. तिने गिर्यारोहणाचे बेसिक आणि ॲडव्हान्स असे दोन्ही कोर्स केले आहेत. गेले दोन हिवाळे ती एका कंपनीसाठी उत्तराखंडात ट्रेक नेते. आता तिला कॅनडात जाऊन हिमस्खलनाचा व्यावसायिक अभ्यासक्रम करायचा आहे. त्यासाठी आम्हाला मुदत ठेव मोडावी लागेल. एवढे करून तिला चांगले काम मिळेल का? आणि ती सुरक्षित राहील का?”

सप्रेम नमस्कार,

आपला दुसरा प्रश्न आपल्या मनात पहिल्यापेक्षा मोठा आहे, हे पत्रावरून जाणवले, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. कोणताही अभ्यासक्रम माणसाला हिमस्खलनापासून पूर्ण सुरक्षित करू शकत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा २ या शिखरावर गिर्यारोहणाच्या ॲडव्हान्स कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २७ जणांचे मृतदेह हाती लागले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या, ज्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट सर केले होते. अनुभव आणि शारीरिक क्षमता यांच्या बळावर बर्फाचा उतार रोखता येत नाही. ज्ञानाचा उपयोग त्या उतारावर पाऊल ठेवण्याआधी होतो, नंतर फारच थोडा होतो.

हे ज्ञान नेमके काय असते, ते आपणही समजून घ्यावे, कारण खर्चाचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. बहुतेक जीवघेणी हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात आणि ती ‘स्लॅब’ प्रकारची असतात, म्हणजे वरचा घट्ट थर एखाद्या लादीसारखा खालच्या कमकुवत थरावरून अखंड घसरतो. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो आणि रात्री अतिशय थंड असतात, तेव्हा जमिनीलगतच्या उबेमुळे तळाच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे दाणे बनतात. त्यांच्यावर जानेवारीतील पश्चिमी चक्रावाताने दोन-तीन फूट बर्फ टाकला किंवा वाऱ्याने धारेपलीकडचा बर्फ आणून या बाजूला साठवला, की उतार केवळ एका जादा भाराची वाट पाहत असतो. युरोप-अमेरिकेतील भटक्यांच्या अपघातांच्या नोंदी सांगतात की, दहापैकी सुमारे नऊ वेळा तो भार खुद्द बळी पडलेल्याचा किंवा त्याच्या सोबत्याचा असतो. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज येणे, पावलापासून भेगा पळत जाणे, शेजारच्या तशाच उतारावर ताजे स्खलन दिसणे ही बर्फाने स्वतः दिलेली सूचना असते. सह्याद्रीत वाढलेल्या मुलीला पावसाळ्यातील नाळ आणि घसारा ओळखण्याची सवय असते. ती नजर येथे कामाची आहे, पण पुरेशी नाही, कारण दगडमातीपेक्षा बर्फ फार वेगाने आपली प्रकृती बदलतो आणि त्याचा दुबळा थर वरून दिसत नाही.

बचावाचा हिशेब तर अधिकच कठोर आहे. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर जगण्याची शक्यता बरीच असते. अर्ध्या तासानंतर ती फार खाली येते. एवढ्या वेळात बाहेरची मदत डोंगरावर पोहोचत नाही, म्हणून तुकडीतील प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारे रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) आणि फावडे ही तिन्ही साधने असावी लागतात आणि ती वापरण्याचा सराव हाताला झालेला असावा लागतो. आपली कन्या ज्या ट्रेकवर वीस-पंचवीस नवख्या माणसांना नेते, त्यांच्याकडे यातले काय असते, हे तिला अवश्य विचारा.

आता कामाविषयी. हिमस्खलनतज्ज्ञ या नावाची स्वतंत्र नोकरी भारतात मोजक्या ठिकाणी आहे. संरक्षण संशोधन संस्थेची मनाली येथील जुनी हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था २०२० साली दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन चंडीगडला नव्या नावाने काम करते आणि हिमालयातील जिल्ह्यांसाठी धोक्याचे इशारे देते. मात्र तेथील संशोधनाची वाट सुदूर संवेदनातील (उपग्रह वा विमानातून भूभागाचा अभ्यास) किंवा भौतिकशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणातून जाते, गिर्यारोहणाच्या कोर्समधून नाही. भूगोलाच्या पदवीमुळे हा मार्ग तिला बंद झालेला नाही. याखेरीज गुलमर्गची स्की पेट्रोल (स्कीच्या उतारांवर गस्त घालणारे बचावपथक), गिर्यारोहण संस्थांतील प्रशिक्षकपद, हेलिस्कीईंग (हेलिकॉप्टरने वर जाऊन केलेले स्कीईंग) आणि आपत्ती प्रतिसाद दले येथे या ज्ञानाला मान आहे. रस्तेबांधणीतही त्याची गरज वाढणार, असे माझे मत आहे: २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथपलीकडे माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन कोसळले, ५४ कामगार गाडले गेले आणि त्यांतील ४६ वाचले. जेथे माणसे हिवाळाभर उताराखाली राहतात, तेथे तो उतार वाचणारे कोणीतरी हवेच.

तरीही या वर्षी ठेव मोडून कॅनडाला जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. तेथील व्यावसायिक अभ्यासक्रम जेमतेम आठवडाभराचा असतो, त्यात परीक्षा असते आणि उमेदवाराला बर्फावर, बहुधा स्कीवर, सहज वावरता येते हे गृहीत धरलेले असते. तेथे ज्या नोंदी ठेवायला शिकवतात, त्या ठेवण्याचा सराव नसलेला विद्यार्थी बराच खर्च करून केवळ शब्दसंग्रह घेऊन परततो. शिवाय पीर पंजालचा दमट, भरपूर बर्फ आणि काराकोरमचा कोरडा, गोठलेला बर्फ हेही एकमेकांसारखे वागत नाहीत, मग कॅनडातील अनुभव जसाच्या तसा येथे कसा लागू पडेल?

त्याऐवजी तिने एक पूर्ण हिवाळा एकाच खोऱ्यात, जाणत्या प्रशिक्षकाच्या किंवा पेट्रोलमनच्या हाताखाली काढावा. आधी गुलमर्ग किंवा औलीला स्कीईंगचा प्राथमिक कोर्स करावा. नंतर रोज वही लिहावी: नवा बर्फ किती सेंटिमीटर, वारा कोणत्या दिशेचा, तापमान किती, कोणत्या दिशेला तोंड असलेल्या उतारावर स्खलन झाले. आठवड्यातून एकदा सुरक्षित जागी खड्डा खणून थर तपासावेत आणि सरकारी इशाऱ्याशी आपली नोंद ताडून पाहावी. पाचपैकी तिसऱ्या पातळीचा इशारा नवख्यांना मध्यम वाटतो. प्रत्यक्षात त्याच पातळीच्या दिवशी पुष्कळ माणसे दगावतात, हे तिला त्या वहीतून पुस्तकापेक्षा नीट उमगेल. असे दोन हंगाम झाले आणि तिची ओढ कायम राहिली, तर त्या खर्चाला मी स्वतः होकार देईन.

दरम्यान डिसेंबरचा करार करण्यापूर्वी तिने कंपनीला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. धोका दिसल्यास शिखरदिवस रद्द करण्याचा अंतिम अधिकार वाटेवरच्या ट्रेक लीडरचा आहे की कार्यालयाचा? माघारी फिरल्यास तिच्या मानधनाला कात्री लागेल का? तुकडीसाठी किती ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडी मिळतील आणि सराव कोण घेईल? ही उत्तरे हाती येईपर्यंत तिने सही करू नये.